'तर', 'नाही तर' आणि 'तोपर्यंत'

वाचकहो, जून महिन्यात पुण्याच्या बुधवार पेठेतल्या आप्पा बळवंत चौकात तुम्ही कधी गेला आहात काय? नसाल, तर एकदा जाऊन या. चौक आप्पा बळवंत मेहेंदळे या पेशवाईतल्या सरदाराच्या नावाचा. पण राज्य तिथे पुस्तकांचे. शाळा-कॉलेजे उघडली, की दुकानांपुढे माणसांची भिंत उभी राहते. कुणाला अकरावीचे फिजिक्स हवे, कुणाला जुने चालेल पण आजच हवे, कुणाच्या हातात वीस पुस्तकांची यादी. काउंटरमागचा माणूस मात्र गडबडत नाही. याचे ऐकतो, त्याला थांबवतो, मुलाला पोटमाळ्यावर पिटाळतो, बिल करतो आणि पुन्हा म्हणतो, "हं, बोला काका, तुम्हांला काय?"

याच चौकात संगणकाच्या भाषा शिकवणारी जाडजूड पुस्तकेही मिळतात. समजा, तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीने त्यांतले 'जावा' या भाषेचे पुस्तक घेतले. पहिली दोन प्रकरणे कशीबशी पार पडली आणि तिसऱ्या प्रकरणाला ती अडली. प्रकरणाचे नाव 'कंट्रोल फ्लो'. आत शब्द कोणते? इफ, एल्स, स्विच, व्हाइल, फॉर, ब्रेक, कंटिन्यू. मुलगी मराठी शाळेतली. तिला वाटले, हे आपल्याला जमण्यासारखे नाही. तिने पुस्तक मिटले.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की ते पुस्तक जिथून घेतले त्या काउंटरवर ते तिसरे प्रकरण दिवसभर चालू असते. शब्द इंग्रजी असले, तरी त्यांमागचा विचार आपण सारे रोज करतो. फरक आहे तो एकाच ठिकाणी, आणि त्या एका फरकापायी मोठमोठ्या कंपन्यांनीही ठेचा खाल्ल्या आहेत. तो फरक कोणता, ते ओघाने येईलच.

आधी 'कंट्रोल फ्लो' म्हणजे काय ते पाहू. संगणकाला द्यायच्या हुकमांची जी यादी, तिला आज्ञावली म्हणायचे. बोलताना आपण 'प्रोग्रॅम' म्हणतो. घरातली आजी पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवते, ते तुम्ही पाहिले असेल. बोट ज्या ओळीवर, ती ओळ चालू. संगणकही आज्ञावली अशीच वाचतो. एका ओळीवर बोट, ती पार पाडायची, मग बोट पुढे. या बोटाने कुठून कुठे जायचे, कोणती ओळ गाळायची, कुठे मागे फिरायचे, हे ठरवणे म्हणजेच कंट्रोल फ्लो. आपण त्याला बोटाची वाट म्हणू. आता या वाटा किती प्रकारच्या असतील? शेकडो असतील असे वाटते. पण मूळ वाटा तीनच.

पहिली वाट सरळ. एकापाठोपाठ एक. हिच्यात काय शिकायचे, असे तुम्ही म्हणाल. पण एक हिशेब करून पाहा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये. दुकानदाराने दोन सवलती सांगितल्या : ५० रुपये कमी, आणि शेकडा १० कमी. आधी ५० वजा केले आणि उरलेल्या २५० वर शेकडा दहा सोडले, तर गिऱ्हाइकाने द्यायचे २२५. आधी शेकडा दहा सोडले आणि मग ५० वजा केले, तर २२०. हुकूम तेच, आकडे तेच. क्रम बदलला आणि पाच रुपयांचा फरक पडला. क्रम हासुद्धा हुकमाचाच भाग आहे, हे नवशिक्याने प्रथम मनात धरावे.

दुसरी वाट फुटणारी. इथे 'जर' येतो आणि त्याच्यामागून 'तर' येतो. जावामध्ये 'जर'ला इफ म्हणतात आणि 'नाही तर'ला एल्स. दुकानदार नव्या मुलाला कामावर घेतो, तेव्हा काय सांगतो? "हे बघ, पुस्तकाची नवी प्रत असली तर ती दे. नसली, तर जुनी आहे का बघ. तीही नसली, तर नाव-नंबर लिहून घे." झाला इफ, एल्स इफ, एल्स! यात प्रश्न विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा. संगणक वरून खाली एकेक प्रश्न विचारतो. पहिला 'होय' मिळाला, की तेवढेच काम करतो आणि बाकीच्या फांद्यांकडे ढुंकून पाहत नाही. मुलाला आधी जुनी प्रत पाहायला सांगितले असते, तर नवी समोर असूनही गिऱ्हाइकाला ती कधी दिसली नसती.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळायच्या. जावात एकच बरोबरचे चिन्ह म्हणजे 'ठेव' आणि दोन चिन्हे जोडून म्हणजे 'सारखे आहे का?'. पहिला हुकूम आहे, दुसरा प्रश्न आहे. आणि 'तर'च्या पोटात येणारे सारे हुकूम महिरपी कंसात घालावे. कंस नसला, तर 'तर'ची सत्ता पुढच्या एकाच हुकमावर चालते. त्याच्या खालची ओळ तुम्ही कितीही आत सरकवून लिहिली, तरी संगणक ती सर्वांना लागू करतो.

आता पुण्याचा विषय निघालाच आहे, तर दुपारच्या झोपेला वगळून कसे चालेल? एखाद्या दुकानावर पाटी आहे : 'दुपारी १ ते ४ बंद'. तुम्ही बरोबर एकच्या ठोक्याला पायरी चढलात. दुकान उघडे की बंद? पाटी काहीच बोलत नाही. दुकानदार तुमच्याकडे पाहतो. लांबून आला आहात, घाम आला आहे; तो म्हणतो, "या, पण लवकर बोला." किंवा नुसते कुलूप दाखवतो. कसेही असो, निर्णय माणूस घेतो. संगणकाला मात्र 'एकच्या आत' आणि 'एकपर्यंत' यांतले एक काहीतरी नक्की सांगावे लागते. पहिल्याला चिन्ह 'पेक्षा कमी', दुसऱ्याला 'पेक्षा कमी किंवा सारखे'. कागदावर फरक एका चिन्हाचा. पण नेमका एकच्या ठोक्याला येणारा माणूस त्या चिन्हावर आत येतो किंवा बाहेर राहतो.

दुकानाची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पण समजा, एका शिष्यवृत्तीची अट आहे, 'वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांपर्यंत'. आज्ञावली लिहिणाऱ्याने घाईत 'पेक्षा कमी' लिहिले. ज्या मुलाच्या वडिलांच्या दाखल्यावर नेमका २,५०,००० हाच आकडा आहे, त्याचा अर्ज परत येईल. पूर्वी खिडकीमागे कारकून असे. तो कुरकुरला असता, पण नियमाचा कागद काढून वाचला असता आणि म्हणाला असता, "बसतंय की यात." संगणक कुरकुरतही नाही आणि कागदही काढत नाही. लिहिले तसे करतो.

वाचकहो, मघाशी ज्या फरकाचा उल्लेख केला, तो हाच. नियमात जिथे भोक असते, तिथे माणूस आपल्या अकलेचे ठिगळ लावतो. यंत्राकडे ठिगळ नाही. म्हणून भोक कुठे राहील, याचा विचार लिहिणाऱ्यानेच आधी करायचा.

अटी दोनही असू शकतात. "पुस्तक आहे आणि त्याची किंमत तीनशेच्या आत आहे, तर दे." इथला 'आणि' मोठा सावध आहे. पहिली अट खोटी ठरली, तर जावा दुसरी तपासतच नाही. कारण नसलेल्या पुस्तकाची किंमत विचारायची कशी? पण अटी उलट क्रमाने लिहिल्या, तर तो आधी किंमत विचारायला जातो, समोर पुस्तक नसते आणि आज्ञावली तिथेच कोसळते. म्हणून आधी 'आहे का?' आणि मग 'कसे आहे?'. 'किंवा'चेही असेच : पहिली अट खरी ठरली, की दुसरी पाहण्याचे कारण उरत नाही.

फांद्या फार झाल्या, की 'स्विच' हे साधन कामी येते. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे : इयत्ता आठवी असेल तर या कप्प्याकडे, नववी असेल तर त्या, दहावी असेल तर पलीकडच्या. यात एक खोड आहे. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये प्रत्येक कप्प्याच्या शेवटी 'ब्रेक', म्हणजे 'इथून बाहेर पड', असे लिहावे लागते. ते विसरले, तर बोट खाली घसरते आणि आठवीच्या मुलाच्या पिशवीत नववीची व दहावीची पुस्तकेही पडतात. जावाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही खोड टाळणारा नवा स्विच आला आहे. पण जुना अजून सर्वत्र भेटतो.

या ब्रेकची एक खरी गोष्ट सांगतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. लाखो लोकांचे फोन लागेनात. आज्ञावली 'सी' भाषेत होती. तपास झाला तेव्हा दोष सापडला तो एका ब्रेकच्या जागेत. त्याने बोटाला एका ठिकाणाहून बाहेर काढायचे, ते भलत्याच ठिकाणाहून बाहेर काढले. एक टेलिफोन केंद्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, की त्याच्या निरोपाने शेजारची केंद्रे गोंधळत, तीही बंद पडून सुरू होत आणि आपल्या शेजाऱ्यांना तोच त्रास देत. यंत्रे मोडली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या. बोटाची वाट चुकली होती. इफ, स्विच, ब्रेक ही साधने सीप्लसप्लस आणि जावा या भाषांनी सीकडूनच घेतली, म्हणून ही गोष्ट आपल्याही कामाची.

तिसरी वाट फिरून येणारी. हिला लूप म्हणतात. आपण फेरा म्हणू. चौकातून थोडे चालत गेले, की तांबडी जोगेश्वरीचे देऊळ लागते. तिथला गणपती पुण्याच्या मानाच्या गणपतींतला दुसरा. पहिला कसबा गणपती, दुसरा तांबडी जोगेश्वरी, तिसरा गुरुजी तालीम, चौथा तुळशीबाग, पाचवा केसरीवाडा. अनंत चतुर्दशीला याच क्रमाने ते लक्ष्मी रस्त्याने निघतात. समजा, या पाचांची यादी संगणकाला दिली आणि म्हटले, "यादीतल्या प्रत्येकासाठी : 'निघा' म्हण." हा फॉरचा फेरा. किती वेळा फिरायचे ते आधी ठाऊक असले, म्हणजे फॉर वापरायचा.

पण जपायचे एक. जावा मोजणी एकापासून करत नाही, शून्यापासून करते. तिच्या हिशेबी कसबा शून्यावर आणि केसरीवाडा चारवर. तुम्ही सवयीने 'शून्यापासून पाचापर्यंत' असे लिहिले, की सहावा मानाचा गणपती शोधायला ती निघते. तो तर नाही! आज्ञावली तक्रार करून थांबते. आणि 'एकापासून चारपर्यंत' लिहिले, तर तक्रार कसलीच येत नाही, फक्त कसबा गणपती जागच्या जागी राहतो. सांगा, यांतली मोठी चूक कोणती? ओरडणारी चूक सापडते. मुकी चूक मिरवणूक संपल्यावर कळते.

किती वेळा फिरायचे हे आधी ठाऊक नसेल, तर 'व्हाइल', म्हणजे 'तोपर्यंत'. "काउंटरपुढे गिऱ्हाईक आहे, तोपर्यंत पुढच्याला विचार." दर फेऱ्याच्या आरंभी अट तपासली जाते, खरी असली तर आणखी एक फेरा, खोटी झाली की बाहेर. कामे आधी एकदा करून मग अट तपासायची असेल, तर 'डू-व्हाइल' आहे. फेऱ्याच्या मध्येच बाहेर पडायचे, तर ब्रेक. समजा, दिवे गेले. आणि एवढा एक सोडून पुढच्याकडे वळायचे, तर कंटिन्यू, समजा, गिऱ्हाईक म्हणाले, "नुसतं बघतोय."

तोपर्यंत हा शब्द मोठा धोक्याचा. त्याला शेवट हवा. फेऱ्यात प्रत्येक वेळी असे काहीतरी घडले पाहिजे, की जेणेकरून अट खोटी होण्याच्या जवळ जाईल. तसे न घडले तर काय होते, हे २००८ सालच्या शेवटच्या दिवशी पुष्कळांनी अनुभवले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'झून' नावाचे गाणी ऐकण्याचे यंत्र तेव्हा अमेरिकेत चालत असे. त्यातले ३० गिगाबाइटचे जे यंत्र होते, ते ३१ डिसेंबर २००८ रोजी ठिकठिकाणी एकाएकी थिजले. सुरू केले की पडद्यावर चित्र येई आणि तिथेच थांबे.

दोष घड्याळाच्या आज्ञावलीत होता. १९८० च्या आरंभापासून किती दिवस झाले, एवढीच संख्या घड्याळाला ठाऊक. त्यावरून चालू वर्ष काढायचे. म्हणून एकेका वर्षाचे दिवस वजा करत जायचे आणि वर्ष वाढवत जायचे. मराठीत मांडले तर फेरा असा होता :

दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोपर्यंत —
— वर्ष लीप असेल तर :
— — दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर : ३६६ वजा कर, वर्ष एकाने वाढव.
— नाही तर : ३६५ वजा कर, वर्ष एकाने वाढव.

आता बोट ठेवून चला. समजा दिवस ४००, वर्ष १९८०. चारशे ३६५ पेक्षा जास्त? होय, आत या. १९८० लीप? होय. चारशे ३६६ पेक्षा जास्त? होय. वजा करा : राहिले ३४, वर्ष १९८१. पुन्हा वर. चौतीस ३६५ पेक्षा जास्त? नाही. बाहेर. १९८१ चा चौतिसावा दिवस, म्हणजे ३ फेब्रुवारी. बिनचूक!

आता ३१ डिसेंबर २००८ घ्या. २००८ लीप वर्ष. मागची सारी वर्षे वजा होऊन उरले दिवस ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त? होय, आत या. वर्ष लीप? होय. ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त? नाही. मग? मग पुढे काहीच लिहिलेले नाही. बोट परत वर जाते. दिवस तेवढेच, वर्ष तेच. पुन्हा आत, पुन्हा नाही, पुन्हा वर. दिवसभर हेच. हे यंत्र बाजारात आले २००६ साली. २००८ हे त्याच्या वाट्याला आलेले पहिलेच लीप वर्ष. तोवर या फेऱ्याने एकदाही दगा दिला नव्हता. अखेर उपाय कोणता सांगितला गेला, तर बॅटरी उतरू द्या आणि १ जानेवारी उजाडल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा. एका 'नाही तर'च्या अभावी यंत्राला नव्या वर्षाची वाट पाहावी लागली.

या गोष्टीत दोन्ही धडे एकत्र आले आहेत. आतल्या 'जर'ला 'नाही तर' नव्हता. आणि त्यामुळे बाहेरच्या 'तोपर्यंत'ला शेवट राहिला नाही. दुकानातल्या माणसाला असा प्रश्न पडला असता, तर दुसऱ्याच फेऱ्याला त्याने डोके खाजवले असते आणि म्हटले असते, "अहो, हे तर मघाचंच चाललंय!" यंत्राला मघाचे आणि आत्ताचे यांतला फरक कळत नाही.

या तीन वाटा पुरेशा आहेत, हे काही मी मनचे सांगत नाही. १९६६ साली कोर्राडो बोम आणि जुझेप्पे याकोपिनी या दोन इटालियन विद्वानांनी गणिताने दाखवून दिले, की सरळ क्रम, फाटा आणि फेरा एवढ्यांवर कोणतीही आज्ञावली मांडता येते. त्यापूर्वी 'गोटू' नावाचा हुकूम सर्रास वापरत. म्हणजे 'अमक्या ओळीवर उडी मार'. उड्या वाढल्या, की बोट कुठून कुठे आले हे लिहिणाऱ्यालाही उमगेना. १९६८ साली एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने या उड्यांविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केले आणि त्यावर मोठा वाद माजला. जावाने तर गोटू हा शब्द राखून ठेवला आहे, पण वापरायला बंदी घातली आहे. पानात वाढलेले, पण खायचे नाही!

आता उरला शेवटचा भाग. जावासारख्या भाषांना 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' म्हणतात. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू. या विचाराचा उगम नॉर्वेत झाला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघांनी रांगा, वाहतूक असल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करता यावी म्हणून 'सिम्युला' ही भाषा घडवली; तिच्या १९६७ च्या आवृत्तीत वर्ग आणि वस्तू ही कल्पना स्पष्ट दिसते. जावा आली १९९५ साली. कल्पना अशी : प्रत्येक वस्तूला आपली माहिती असते आणि आपली कामेही असतात. या कामांना 'मेथड' म्हणतात. 'पुस्तक' हा वर्ग; तुमच्या हातातली ती एक प्रत ही वस्तू; किंमत ही तिची माहिती; 'किंमत सांगणे' हे तिचे काम.

याचा बोटाच्या वाटेशी काय संबंध? मोठाच आहे. काउंटरवरचा माणूस मुलाला म्हणतो, "पोटमाळ्यावर बघ, जुनी प्रत आहे का." मुलगा शिडी चढतो. त्या वेळी काम कुठे चालू आहे? पोटमाळ्यावर. काउंटरवरचे बिल अर्धे लिहून थांबले आहे. मुलगा प्रत घेऊन खाली आला, की बिल सोडले होते तिथूनच पुढे चालू होते. मेथडला हाक मारणे म्हणजे हेच. बोट दुसऱ्या पानावर जाते, तिथले काम करते आणि 'रिटर्न' म्हटले की अचूक मूळ जागी परत येते. ही उडीच, पण परतीच्या तिकिटासकट.

आणि शिडीच मोडली तर? मुलगा 'प्रत नाही' असे सांगणार नाही. कारण प्रत आहे की नाही, हे त्याने पाहिलेलेच नाही. तो वरून हाळी देतो, "शिडी मोडली!" जावात या हाळीला 'एक्सेप्शन' म्हणतात. हाक मारणाऱ्यांच्या रांगेत जो कुणी ती झेलायला तयार असेल, म्हणजे ज्याने 'ट्राय' आणि 'कॅच' लिहिले असेल, त्याच्याकडे बोट जाते. कुणीच तयार नसेल, तर काम तिथेच बंद. 'नाही' हे उत्तर वेगळे आणि 'उत्तर देता येत नाही' ही आपत्ती वेगळी. या दोहोंची गल्लत केली, की पोटमाळ्यावर पुस्तक असूनही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाते.

आता वस्तूंचा खरा उपयोग पाहा. समजा, दुकानात नव्या पुस्तकांवर शेकडा दहा सवलत आहे आणि जुनी पुस्तके निम्म्या किमतीला आहेत. बिल करताना लिहिले, "नवे असेल तर दहा टक्के वजा, जुने असेल तर निम्मे." हाच 'जर' यादी छापताना लिहिला, परत घेताना लिहिला, वर्षाचा हिशेब करताना लिहिला. उद्या भाड्याने द्यायची पुस्तके आली, की चारही जागा शोधून दुरुस्त करा. तीन सापडतील आणि चौथी विसरेल. विसरली, की तिथे भोक पडले!

वस्तूंच्या भाषेत असे करत नाहीत. 'नवे पुस्तक' आणि 'जुने पुस्तक' असे दोन वर्ग करतात आणि दोघांनाही 'किंमत सांग' ही एकाच नावाची मेथड देतात. आतला हिशेब ज्याचा त्याचा. बिल करणारा फक्त म्हणतो, "किंमत सांग." तू नवे की जुने, हे विचारत नाही. समोर वस्तू कोणती आहे, त्यावरून बोट आपोआप योग्य हिशेबाकडे जाते. मिरवणुकीत 'निघा' म्हटल्यावर कुणी पालखीतून निघतो, कुणी रथातून. हुकूम एकच, चाल ज्याची त्याची. भाड्याची पुस्तके आली, तर तिसरा वर्ग लिहायचा. जुन्या चार जागांना हात लावायचा नाही.

म्हणजे 'जर' नाहीसा झाला काय? नाही. नवे की जुने, हे पुस्तक दुकानात येते तेव्हा कुणीतरी ठरवलेच. पण ते एकदा आणि एका जागी ठरले. ज्याची माहिती, त्याचाच निर्णय : घरातसुद्धा हीच रीत बरी असते.

असो. आता त्या मिटलेल्या पुस्तकाकडे वळू. तुमच्या मुलीला सांगा, तिसरे प्रकरण पुन्हा उघड. पण संगणकापाशी बसू नकोस. आधी वही घे. डावीकडे ओळी, उजवीकडे किमतींचे रकाने. बोट ठेव आणि एकेक ओळ चालून पाहा, मघाशी आपण चारशे दिवसांचे केले तसे. दर 'जर'पाशी थांब आणि विचार, "नाही तर काय?" दर फेऱ्यापाशी विचार, "थांबायचे केव्हा, आणि दर फेऱ्याला आपण तिकडे सरकतो का?" दर निर्णयापाशी विचार, "हा ठरवायचा कुणी?" आणि आकडे निवडताना सोपे निवडू नकोस, काठावरचे निवड : शून्य, एक, शेवटचा आणि त्याच्या पुढचा. चूक बहुधा काठावरच बसलेली असते.

आज शाळेचा प्रवेश, रेल्वेचे तिकीट, रेशनचे धान्य, बँकेतले पैसे, पुष्कळ काही कुणीतरी लिहिलेल्या 'जर-तर'मधून आपल्यापर्यंत येते. जो त्या कुठल्याच फांदीत बसत नाही, त्याच्यापुढे यंत्र नुसते उभे राहते. त्या माणसासाठी एक 'नाही तर' लिहून ठेवायचा की नाही, हे लिहिणारा आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. उद्या ती लिहिणारी तुमची मुलगी असेल. इंग्रजी शब्द ती आठ दिवसांत शिकेल. काठावर उभ्या असलेल्या माणसाची आठवण ठेवायला मात्र तिला आजच शिकवा. त्यासाठी आप्पा बळवंत चौकातली जूनमधली एक संध्याकाळ पुरेल.